मियाटा कुठल्या वर्गात? प्रकल्प नोंदी, सप्टेंबर २०२४ ते मार्च २०२५

७ सप्टेंबर २०२४, शनिवार

गाडीची आजची स्थिती आधी लिहून ठेवतो. १९९२ ची मझ्दा मियाटा, १.६ लिटर, पाच गियर, मूळ लाल रंग उन्हाने गुलाबीकडे गेलेला. जॉर्जियातून आलेली, त्यामुळे खाली गंज नाही. मिशिगनच्या रस्त्यांवरच्या मिठाने खाल्लेले रॉकर (दारांखालच्या पट्ट्या) ज्यांनी पाहिलेत त्यांना याची किंमत कळेल. आधीच्या मालकाने घातलेल्या वस्तू: चार पायांचा रोल बार, उंची बदलता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि डँपरचे संच), १५ बाय ८ इंचांची चाकं, हेडर (एक्झॉस्टच्या मोकळ्या नळ्या), ड्रायव्हरच्या बाजूला बकेट सीट. ट्रॅक-डेला हे सगळं चालून जातं, तिथे कोणी विचारत नाही.

रेसला मात्र एकेक बोल्ट विचारतात. दादाने (माझा मावसभाऊ, गाडीत निम्मा भागीदार, दोघंही मूळ कोल्हापूरचे, आता मिशिगनमधल्या नोव्हायला) आणि मी या हिवाळ्यात गाडी रेससाठी तयार करायची ठरवलं आहे. सस्पेन्शन कुठलं, चाकं किती रुंद, इंजिनाला हात लावायचा की नाही, हे सगळं वर्गावर, म्हणजे रेसमधल्या कुठल्या नियमांच्या गटात उतरायचं यावर, अडलंय. वर्ग ठरेपर्यंत एकही पार्ट मागवायचा नाही, असं गॅरेजच्या फळ्यावर लिहिलं. दादाने त्याखाली खडूने ‘टायर सोडून’ असं जोडलं.

फळ्यावरची उमेदवार यादी: एससीसीएचे (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) स्पेक मियाटा (सगळ्यांच्या मियाटा एकाच ठरलेल्या साच्यात), इम्प्रूव्ह्ड टूरिंग ए, एफ प्रॉडक्शन, सुपर टूरिंग लाइट. नासाचे (रॉकेटवाली नव्हे, नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन) स्पेक मियाटा आणि एसटी-६. आणि लेमन्ससारख्या स्वस्तातल्या एन्ड्युरन्स रेस.

१५ सप्टेंबर, रविवार

वॉटरफर्ड हिल्सला दिवसभर. ओकलंड काउंटी स्पोर्ट्समन्स क्लबच्या जागेतला हा ट्रॅक १९५८ पासून आहे. लांबी जेमतेम सव्वादोन किलोमीटर, सरळ रस्ता नावापुरता. रेस बघण्यापेक्षा पॅडॉकमध्येच, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या जागेत, जास्त फिरलो. काम एकच: कुठल्या वर्गाच्या किती गाड्या आल्यात आणि कोण कोणाशी झुंजतंय ते पाहणं.

काही वर्गांत दोनच गाड्या होत्या. एका वर्गात एकटाच माणूस. त्याला पहिला नंबर मिळाला आणि तो स्वतःच त्यावर हसत होता. स्पेक मियाटाची रांग मात्र सगळ्यात लांब. आणि पहिल्या तिघांची मारामारी तर होतीच, पण मला जास्त बघावंसं वाटलं ते मधल्या पाच-सहा जणांना. पहिल्या लॅपपासून शेवटच्यापर्यंत एकमेकांच्या बंपरला चिकटून, एकही ट्रॉफीच्या जवळपास नाही, आणि रेस संपल्यावर चौघं एकाच ट्रेलरच्या सावलीत बसून भांडतायत.

दादाचं मत वेगळं पडलं. त्याला एका निवृत्त टूलमेकरची प्रॉडक्शन वर्गातली गाडी आवडली. स्लिक टायर, वेगळा कॅमशाफ्ट, चढवलेलं कॉम्प्रेशन, इंजिन त्याने स्वतः बांधलेलं. तो अर्धा तास बोलला आणि आम्ही ऐकत राहिलो. गाडी बांधणं हाच ज्याचा खेळ आहे त्याच्यासाठी प्रॉडक्शनसारखा वर्ग नाही. आमच्याकडे लेथ नाही, मिलिंग मशीन नाही आणि शनिवार सोडून वेळ नाही. एफ प्रॉडक्शन फळ्यावरून पुसलं.

२९ सप्टेंबर, रविवार

एससीसीएचं रूलबुक, म्हणजे जीसीआर, वाचतोय. पहिल्यांदा वाचणाऱ्याला जाच वाटेल, पण आतलं तत्त्व सरळ आहे: करायला परवानगी आहे असं जिथे लिहिलेलं नाही, तिथे परवानगी नाही. ‘मनाई कुठे केलीय?’ हा वाद टेकमध्ये, म्हणजे गाडीच्या तपासणीत, चालत नाही.

स्पेक मियाटाचं प्रकरण त्या मानाने सुटसुटीत आहे. डँपर बिल्स्टाइनचे, स्प्रिंग आयबाकच्या, पुढे ७०० आणि मागे ३२५ पौंड प्रति इंच. चाक १५ बाय ७, आणि तेही १३ पौंडांपेक्षा हलकं नको. टायर हूझियरचा ठरलेला, २०५/५०-१५. इंजिन जवळपास कंपनीतून आलं तसंच. १.६ ला हवा मोजणारं ते जुनं झडपेचं मीटर तसंच ठेवायचं. थोडक्यात, आमच्या गाडीवर आधीच्या मालकाने हौसेने केलेला जवळजवळ सगळा खर्च या वर्गात कचरा.

इम्प्रूव्ह्ड टूरिंग ए (आयटीए) मध्ये १.६ मियाटा बसते. तिथे डँपर, स्प्रिंग, एक्झॉस्ट मोकळं. वाचताना बरं वाटतं. पण मोकळं याचा अर्थ शेजारच्या माणसालाही मोकळं, आणि त्याच्याकडे पैसे जास्त असतील. शिवाय आयटीचे वर्ग विभागीय पातळीपुरते. रनऑफ्समध्ये, म्हणजे एससीसीएच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या रेसमध्ये, ते नाहीत. आम्ही काही रनऑफ्सला निघालेलो नाही, पण वर्गाला वरची पायरी असली की खालीही माणसं टिकतात, असं मला वाटतं.

स्पेक वर्गात फसवाफसवी होत नाही असं नाही. २०१४ च्या लगुना सेकाच्या रनऑफ्सनंतर सिलिंडर हेड उघडून बघितली तेव्हा पुढच्या फळीतल्या गाड्या बाद झाल्या होत्या, व्हॉल्व्ह सीटच्या खालच्या भागातल्या मशीनिंगवरून. त्यानंतर नियमाचा तो भाग नव्याने लिहावा लागला. पण भांडण कशावर होतं ते बघा: पोर्टमधल्या जरा कमी-जास्त खरवडलेल्या धातूवर. ज्या वर्गात फरक इतक्या बारीक जागी शोधावा लागतो, तिथे मागच्या रांगेतला माणूस गाडीला दोष देऊन सुटू शकत नाही. मला तेच हवंय. दादाला नकोय, असं तो म्हणाला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

गाडी डायनोवर (शक्ती मोजायच्या यंत्रावर) नेली. चाकांवर ९७ हॉर्सपॉवर. कंपनीचा आकडा क्रँकवर, म्हणजे थेट इंजिनावर, ११६ होता, तेव्हा बत्तीस वर्षांच्या इंजिनाला नावं ठेवायला जागा नाही. कॉम्प्रेशन १७८, १८०, १७५, १८१ पीएसआय. चारही सिलिंडर एकसारखे, हे महत्त्वाचं.

आता एसटी-६ चं गणित. नासाचे सुपर टूरिंग वर्ग वजन आणि शक्तीच्या गुणोत्तरावर चालतात. गाडीला काय केलंय याची उठाठेव कमी. एका हॉर्सपॉवरमागे इतके पौंड असले पाहिजेत, बास. एसटी-५ ला १४, एसटी-६ ला १८, वर टायर वगैरेंचे अधिक-उणे. ड्रायव्हरसकट आमची गाडी २,३०० पौंडांच्या आसपास धरली तर ९७ हॉर्सपॉवरला गुणोत्तर येतं जवळजवळ २४. म्हणजे वर्गाची मर्यादा गाठायची तर १२७-१२८ हॉर्सपॉवर हवी. तीस हॉर्सपॉवर कमी घेऊन उतरायचं, नाहीतर ती तीस विकत घ्यायची: स्टँडअलोन ईसीयू (इंजिन चालवणारा वेगळा संगणक), ते झडपेचं मीटर काढणं, कॅम, किंवा सरळ १.८ चं इंजिन टाकणं.

कागदावर एसटी-६ सगळ्यात न्याय्य आहे, हे मान्य. आहे त्या गाडीवर उद्या उतरता येईल, काहीही काढून टाकायला नको. पण गुणोत्तराच्या वर्गात गाडी ‘तयार’ कधीच होत नाही. वजन काढलं की शक्ती कमी करा, शक्ती वाढली की वजन घाला, परत डायनो, परत फॉर्म. दादाला स्प्रेडशीट आवडतात म्हणून तो खूश. मला रविवारी दुपारी लॅपटॉप बघायचा नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

टायरचा हिशेब. क्लब रेसिंगमध्ये लोक इंजिनाच्या गप्पा मारतात आणि पैसे टायरला घालवतात. मोकळ्या टायरच्या वर्गात जोरात पळणारे हूझियरचे ए-७ किंवा आर-७ वापरतात. ते पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत अप्रतिम आणि नंतर साधे. ज्याला परवडतं तो दर रेसला नवा संच काढतो, आणि ज्याला परवडत नाही तो त्याच्या मागे राहतो. यात ड्रायव्हिंग कुठे आलं?

स्पेक मियाटातही पुढचे लोक नवीन टायर लावतातच. पण सगळ्यांचा टायर एकच असल्याने जुना आणि नवा यांतला फरक निदान ओळखीचा राहतो, आणि पुढच्या मंडळींनी उतरवलेले अर्धे वापरलेले संच पॅडॉकमध्ये स्वस्तात मिळतात. हा दुय्यम बाजार हे या वर्गाचं खरं बळ आहे. टायरच नव्हे, हब, गियरबॉक्स, दारं, बॉनेट, सगळं त्याच पॅडॉकमध्ये कोणाकडेतरी शिल्लक असतं. शनिवारी दुपारी पुढचा हब गेला (मियाटाचे जातात), तर रविवारी सकाळी रेस करता येईल अशी शक्यता याच वर्गात. नव्या संचाला बसवण्यासकट हजार डॉलरच्या वर धरलेत. वर्षाला एक नवीन, बाकी उतरलेले.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. गॅरेज बंद. जेवणावर दादाने इरुंगट्टुकोट्टईचा विषय काढला. तो चेन्नईजवळ नोकरीला होता तेव्हा रेस बघायला जायचा. तिथे इंडियन टूरिंग कारमध्ये १,६०० सीसीपर्यंतच्या गाड्या, ज्युनियरमध्ये १,४०० पर्यंतच्या, आणि एकाच साच्यातल्या फॉर्म्युला एलजीबी १३०० मारुतीच्या इंजिनावर. भारतात हौशी माणूस बहुधा एखाद्या टीमकडे सीटचे पैसे भरतो आणि गाडी टीमची असते. इथे प्रत्येकजण आपापली गाडी ट्रेलरवर घालून आणतो, म्हणून वर्ग निवडायची डोकेदुखीही त्याचीच. आपल्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक कार्टिंगमधून वर येत ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत गेला, यावर वहिनी म्हणाल्या, “मग तुम्ही दोघं कार्टच चालवा की, ती स्वयंपाकघरात तरी मावेल.”

१६ नोव्हेंबर, शनिवार

आजचा दिवस तराजूचा. चार चाकांखाली चार पाट ठेवले, पेट्रोल पाव टाकी, स्पेअर चाक आणि गालिचे काढलेले. एकूण ९२६ किलो. अजून केज (आतला सुरक्षेचा नळ्यांचा पिंजरा) यायचाय, तो रोल बारपेक्षा तीसेक किलो जास्त धरू. एसीचा कंप्रेसर आधीच काढलेला. तेव्हा तयार गाडी ९५५ च्या जवळपास.

स्पेक मियाटात वजन ड्रायव्हरसकट मोजतात, तेही रेस संपवून गाडी जशी येईल तशी. १.६ ची किमान मर्यादा १,०४० किलोच्या आसपास आहे. नंतरच्या १.८ मॉडेलांना, १९९९ आणि पुढच्यांना, ती पन्नासेक किलोनी जास्त, आणि वर रिस्ट्रिक्टर प्लेट, म्हणजे हवेच्या वाटेत ठरावीक भोकाची चकती. वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्या एका पातळीवर आणायची ही रीत, आणि आकडे अधूनमधून बदलतात.

मी हेल्मेट-सूटसकट ७७ किलो. बेरीज १,०३२, थोडं शिसं तळाला बोल्ट करावं लागेल, तेही उजवीकडे खाली, हवं तिथे. उत्तम.

दादा तराजूवर चढला नाही. “मर्दा, आकडा काय कळतोय त्यातनं?” मग चढला. सूटसकट ११३. बेरीज १,०६८, म्हणजे मर्यादेपेक्षा अठ्ठावीस किलो वर. किमान वजनाच्या खाली येणं हा गुन्हा आहे, वर असणं हा फक्त तोटा. शंभर हॉर्सपॉवरच्या गाडीला अठ्ठावीस किलो म्हणजे प्रत्येक वळणातून बाहेर पडताना जाणवणारी गोष्ट. दादा म्हणाला, तालमीत असतो तर वस्तादांनी सरळ वरच्या गटात ढकललं असतं. बरोबर आहे, आणि इथला वरचा गट म्हणजे १९९९ ची गाडी. ती जड मर्यादेमुळे अंगापिंडाने मोठ्या ड्रायव्हरला सोयीची.

उंचीचाही प्रश्न आहे. हेल्मेटच्या माथ्यापासून मुख्य हूपची (ड्रायव्हरच्या मागच्या कमानीची) उंची किमान दोन इंच जास्त हवी. दादा सहा फूट एक. आताच्या सीटवर बसवून रोल बारवरून पुढे काठी धरली तर ती हेल्मेटवर आपटते. सीटचे रूळ काढून ती थेट तळाला बोल्ट करावी लागेल, आणि केजचा हूप जितका वर नेता येईल तितका हार्डटॉपला चिकटवून.

२३ नोव्हेंबर, शनिवार

लेमन्सचा विचार केला आणि सोडला. ५०० डॉलरची गाडी (सुरक्षेचं सामान त्यात धरत नाहीत), चार-पाच ड्रायव्हर, रंगीबेरंगी पोशाख, लांबलचक रेस. मजा आहे, आणि एका दिवसात चाकामागे मिळणारा वेळ स्प्रिंट रेसच्या कितीतरी पट. पण त्यासाठी अजून दोन-तीन भिडू जमवायचे आणि सगळ्यांच्या सुट्ट्या जुळवायच्या. आमच्या गटातल्या मंडळींची गणपतीची मीटिंग जुळायला महिना लागतो.

३० नोव्हेंबर, शनिवार

ओहायोत विकायला असलेली, आधीच बांधलेली १९९९ ची स्पेक मियाटा बघून आलो. दादाच्या वजनाचा प्रश्न सुटतो आणि सर्वसाधारण शहाणपणही हेच की बांधलेली गाडी घेणं स्वस्त पडतं. केज, सीट, सस्पेन्शन, डिफरन्शियल यांची बेरीज केली की कोणालाही पटेल. आमच्या १.६ चा उरलेला खर्च साडेनऊ ते दहा हजार डॉलर. ही गाडी १४ हजारांना, आणि आमची विकली तर पाचेक परत.

लॉगबुक (गाडीच्या रेस आणि तपासण्यांची वही) पाहिलं. नोंदी व्यवस्थित, पण एका ठिकाणी पुढच्या टकरीची नोंद. खाली झोपून पाहिलं तर उजव्या बाजूच्या पुढच्या रेलला सुरकुती. मागचे रॉकर टोचले तर स्क्रूड्रायव्हर आत गेला. मियाटाचं पावसाचं पाणी निघायचे मार्ग तुंबले की तिथेच सडतं. हार्नेस आणि सीट मुदत संपलेली. म्हणजे १४ हजारांवर अजून तीन. येताना टोलेडोपर्यंत दोघंही गप्प. मग दादानेच सांगितलं, “आपलीच बांधू.”

१४ डिसेंबर, शनिवार

वर्ग ठरला: स्पेक मियाटा, १.६.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे फेब्रुवारीत थंडीत डोकं फिरलं तर वाचता येईल. स्पेक मियाटाच्या नियमात बसवलेली गाडी जशीच्या तशी सुपर टूरिंग लाइटमध्ये उतरवता येते. बऱ्याच विभागांत आयटीएमध्येही. एसटी-६ च्या गुणोत्तरात तर ती ढिली बसते. त्याच वीकएंडला दुसऱ्या गटात दुसरी एन्ट्री भरली की एकाच गाडीवर सकाळी मी आणि दुपारी दादा. उलटा रस्ता मात्र बंद आहे. एसटी-६ साठी १२८ हॉर्सपॉवरची केलेली गाडी स्पेक मियाटात परत आणायची म्हणजे सगळं उलगडायचं. सगळ्यात कडक नियमांची गाडी सगळ्यात जास्त ठिकाणी चालते, हे आधी उफराटं वाटतं, पण आहे तसंच.

आणि दादाच्या अठ्ठावीस किलोंचं उत्तरही त्यातच निघालं. तो सुपर टूरिंग लाइटमध्ये दुसरी एन्ट्री चालवेल. तिथे तसाही आमच्यापेक्षा वेगवान होंडांशी सामना, जिंकायचा प्रश्नच नाही, तेव्हा वजनाचं दुःख नाही. त्याने यावर जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

मैदानं: वॉटरफर्ड घरापासून अर्ध्या तासावर, साउथ हेवनचं जिंजरमॅन अडीच, मिड-ओहायो तीन. तिन्ही ठिकाणी स्पेक मियाटा भरपूर.

११ जानेवारी २०२५, शनिवार

गाडी केजवाल्याकडे. दीड इंच व्यासाची, ०.०९५ इंच जाडीची डीओएम (साच्यातून ओढून काढलेली पोलादी) नळी. आमच्या वजनाला एवढी लागते. ड्रायव्हरच्या दारातले बार बाहेरच्या बाजूला फुगवलेले, त्यासाठी दाराचं आतलं पोलाद कापावं लागलं. टेकवाल्यांना नळीची जाडी मोजता यावी म्हणून जोर न येणाऱ्या जागी ३/१६ इंचाचं भोक. दादाला बसवून हूपची उंची घेतली: अडीच इंच मोकळी. वेल्डिंगपूर्वी त्याला दोनदा आत-बाहेर करायला लावलं. बाहेर पडताना तो अडकतो. खिडकीची जाळी आणि स्टिअरिंग काढण्याचा सराव हवा.

८ फेब्रुवारी, शनिवार

गॅरेजमध्ये उणे नऊ. हेडर उतरवून मूळ मॅनिफोल्ड चढवला, एक स्टड तुटला, बाहेर काढायला दुपार गेली. कॉइलओव्हर आणि १५ बाय ८ ची चाकं ऑटोक्रॉसवाल्या मुलाला विकली. आलेल्या पैशांत बिल्स्टाइन-आयबाकचा संच निम्मा निघाला. डिफरन्शियल: १.६ चा मूळ सहा इंची गियरचा नाजूक असतो, रेसमध्ये टिकत नाही. नियमाने १.८ चा सात इंची टॉर्सन (गियरवर चालणारा मर्यादित-स्लिप डिफरन्शियल) चालतो, तो वापरलेला मिळाला, पण हाफशाफ्ट आणि प्रॉपेलर शाफ्टही त्याचेच लागतात. हे जमेला धरलं होतं. पुढचे दोन्ही हब नवीन. क्रँकच्या पुढच्या टोकाची काळजी नाही. ते छोट्या नाकाचं दुखणं १९९० आणि ९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांचं, आमची ९२ ची.

इंजिन उघडायचं नाही, असं दोघांच्या सहीने फळ्यावर आहे. बाहेर कोणी बांधून दिलेलं चांगलं स्पेक इंजिन घ्यायचं तर आमच्या अख्ख्या गाडीपेक्षा महाग. १७५ ते १८१ पीएसआयवर एक मोसम काढू, मग बघू.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. गाडी चारही चाकांवर उभी. किल स्विच, खिडकीची जाळी, हार्नेस, अग्निशामक बसले. माझ्या हेल्मेटवर एसए२०२० चा शिक्का आहे, दादाच्या जुन्यावर नाही, त्याला नवीन घ्यावं लागेल. मानेचं संरक्षक उपकरण दोघांचं आलं.

माझा डॉक्टरच्या तपासणीचा फॉर्म गेला, ड्रायव्हर स्कूलसाठी नाव नोंदवलं. दादाचा फॉर्म अजून टेबलावर. डॉक्टरने रक्तदाब परत मोजायला बोलावलंय. तोवर लॉगबुकसाठी केजचे फोटो काढून पाठवायचे, आणि अलाइनमेंट: पुढे उणे अडीच अंश कॅम्बरने (चाकाच्या आतल्या झुकावाने) सुरुवात, वजन परत घेऊन शिसं किती ते ठरवणं. गाडीचा नंबर ९ हवा होता, तो विभागात दुसऱ्याकडे आहे. ९० मिळतोय, दादाने होकार दिलाय.